पहिला ग्लास

"आधी तुमी प्या की वैनी," विजयसिंह आबा म्हणाले आणि ग्लास घ्यायला पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला.

संयोगिताच्या हातात फेसाळ दुधाचा ग्लास तसाच राहिला. आत्ताच निघालेल्या दुधाची ऊब स्टीलमधून तिच्या तळव्याला लागत होती. पाखरी म्हैस शेपटी हलवत निवांत उभी होती. शिवाजी पेठेतल्या त्या दूध कट्ट्यावर संध्याकाळची गर्दी जमली होती. तालमीतून घामाघूम होऊन आलेली पोरं होती, भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बायका होत्या, आणि आबांसारखे पेन्शनर होते, जे दूध प्यायला कमी आणि बोलायला जास्त येतात. म्हैस समोर पिळायची आणि ग्लास तोंडाला लावायचा, ही कट्ट्याची रीत. तापवणं बिपवणं काही नाही.

संयोगिताच्या म्हशीपाशी आणखी एक रीत होती. तिचे सासरे आकाराम हयात असताना कुणीतरी उठवलं होतं, की हा गडी म्हशीला सुई टोचून दूध काढतो. म्हातारा आधीच तापट. दुसऱ्या दिवशी त्यानं कट्ट्यावर सगळ्यांच्या देखत पहिला ग्लास स्वतः घटाघटा प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाला, "उद्या मी मेलो तर पिऊ नगासा!" तेव्हापासून त्यांच्याकडं पहिला ग्लास पिळणाऱ्याचा. म्हातारा गेला. नवरा कृष्णात टेम्पो चालवायला लागला. म्हैस संयोगिताकडं आली, तसा तो ग्लासही आला. कट्ट्यावर धार काढणारी ती एकटीच बाई. पण त्या ग्लासामुळंच पुरुषांच्या रांगेत आपल्याला कुणी हलवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि आता काही दिवस ती पीत नव्हती. ग्लास भरायची आणि थेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पेठेतल्या लोकांच्या नजरेतून असलं काही सुटतं होय?

"म्हशीला काय झालंय का वो वैनी?" तालमीतल्या एका पोरानं विचारलं.

"तिला काय हुतंय? धडधाकट हाय की!"

"मग तुमाला झालंय व्हय?"

सगळे हसले. संयोगिता पण हसली, कारण दुसरं काय करणार? खरं उत्तर कट्ट्यावर उभं राहून देण्यासारखं नव्हतंच.

झालं होतं ते असं. दोनेक वर्षांमागं एका सकाळी तिची बोटं मिटेनात. गार पाण्यात हात घालून असं झालं असेल, म्हणून तिनं चुलीवर शेकली. मग मनगटं सुजली. बोटांची पेरं आल्याच्या कांड्यांसारखी फुगली. केसांना कंगवा लावायला हात वर जाईना, पोळी लाटताना डोळ्यांतून पाणी यायचं. ते सगळं तिनं रेटलं असतं. पण मूठ आवळल्याशिवाय धार निघत नाही. कृष्णात पिळायला बसला की पाखरी दूध वर चोरून धरायची आणि पाय झाडायची. गिऱ्हाईक दोन-चार दिवस थांबलं आणि शेजारच्या म्हशीकडं वळलं. तेलं झाली, लेप झाले, कुणी वात म्हणालं, कुणी करणी म्हणालं. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं, तेजस्वीनं, आईला जवळजवळ ओढतच सांध्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर वर्षाराणी मलकापूरकडच्या. शिकून मोठ्या झाल्या तरी बोलणं गावचंच राहिलेलं. त्यांनी आधी बरेच महिने गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरायची, पुन्हा चढायची. मग एक दिवस त्यांनी दोघींना समोर बसवलं.

"बाई, हा साधा वात न्हवं. ह्याला आमवात म्हणा, नाव काय बी द्या. खरं असं हाय, की तुमचं अंग तुमच्याच सांध्यांवर उठलंय."

"माझंच अंग? मी त्याचं काय वाकडं केलंय?"

"काय बी न्हाय. असं समजा, पेठंत कुणीतरी पोरग्यानं मोबाइलवर मेसेज टाकला, 'या रं, चौकात राडा झालाय.' झालेलं काय बी न्हाय. पण फुटबॉलची पोरं तुमची, इचारत्यात व्हय? काठ्या घिऊन हजर. समोर कोण घावंना, मग चौकातलीच दुकानं फोडाय लागली. तुमचा सांधा म्हंजे त्यो चौक."

संयोगिताला इतक्या दुखण्यातही हसू फुटलं. "आन् मेसेज टाकणारं मुडदं कोण म्हणायचं?"

"सायटोकाइन. एका पेशीनं दुसरीला धाडलेला निरोप. तसला येक न्हाय, लई हाईत. टीएनएफ म्हणून येक हाय, इंटरल्युकिन सहा म्हणून येक हाय. येकानं हाळी दिली की दुसरा ती पुढं ढकलतोय. सूज त्यांच्यापायी, हाड कुरतडतंय ते त्यांच्यापायी. गोळ्यांनी आपण पोरांना दम दिला, पण मेसेज काय थांबंना. आता इंजेक्शन द्यायचं ते टीएनएफला वाटंतच धरून ठेवतंय. निरोप पोचतच न्हाय."

तेजस्वीनं विचारलं, "पण मॅडम, खराच चोर आला तर?"

डॉक्टर तिच्याकडं वळल्या. "त्यासाठीच बसवलंय तुमाला. खरा चोर आला तरी हाळी नीट पोचायची न्हाय. म्हणून टीबीची तपासणी आधी केली. ताप आला की लगीच यायचं, अंगावर काढायचा न्हाय. आन् दूध उकळल्याबिगर प्यायचं न्हाय. एक घोट सुद्धा न्हाय."

"आमचं दूध?" संयोगिताला कुणी घरच्यांना नावं ठेवल्यासारखं वाटलं. "आत्ताच काढल्यालं असतंय. गरमच असतंय की."

"ती म्हशीच्या अंगाची गरमी. जंतू मरायला चूल लागतीय."

इंजेक्शन कुठल्याशा सरकारी योजनेत बसलं. पोटाला बारीकशी सुई, ती पण तेजस्वी घरीच द्यायला शिकली. आणि काय सांगावं! महिना उलटला असेल नसेल, एका पहाटे संयोगिताला जाग आली ती कसल्यातरी वेगळेपणानं. बोटं दुखत नव्हती. तिनं अंथरुणातच मूठ मिटली. उघडली. परत मिटली. मग तिनं कृष्णातला गदागदा हलवलं.

"अवो, उठा. बगा, मूठ!"

कृष्णात अबोल माणूस. त्यानं डोळे चोळले आणि आपला अंगठा तिच्या मुठीत घातला. "आवळ."

तिनं आवळला. "आई गंऽ!" म्हणून त्यानं हात ओढून घेतला आणि दोघंही खुळ्यासारखी हसत सुटली. त्या दिवशी पाखरीच्या कासेला तिनं पाणी मारलं, सड धरले आणि म्हैस एका क्षणात पान्हावली. चरवीत धारांचा तो घुमणारा आवाज ऐकून संयोगिता रडली. पुढच्याच आठवड्यात तिनं पाखरीला कट्ट्यावर नेऊन बांधलं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं, आबा तर पहिल्याच दिवशी आले.

आणि आज तेच आबा हात मागं घेऊन उभे होते.

संयोगितानं मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. मला आजार आहे म्हणावं, तर आजारी बाईच्या हातचं दूध कोण पिणार? डॉक्टरांनी न उकळलेलं पिऊ नको म्हटलंय म्हणावं, तर मग गिऱ्हाईक म्हणणार, आमाला कशाला पाजतीस? दोन्हीकडून पाखरीचं दावं कट्ट्यावरून सुटणारच. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचं ते बोलणं तिच्या गळी उतरलंच नव्हतं. चालायला लागल्यापासून ती म्हशीखालचं दूध पीत आली होती. माहेरी आई पोरांना गोठ्यातच रांगेनं उभी करायची आणि तोंडात धार सोडायची. त्या दुधावर वाढलेले हात आहेत हे! सुई कुठल्या परमुलखात तयार झालेली. तिचं आणि पाखरीच्या दुधाचं वैर असेलच कशाला?

तिनं ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा केला.

"हां! आता कसं!" आबा खुशीत आले. "आणा हिकडं."

त्या दिवसापासून पहिला ग्लास पुन्हा सुरू झाला. घरी मात्र तेजस्वी समोर बसून उकळलेलं दूध प्यायला द्यायची, ते संयोगिता मुकाट्यानं प्यायची. काही झालं नाही. आठवडे गेले, तब्येत टुकटुकीत. डॉक्टर लोक जरा घाबरवूनच ठेवतात, असं ती स्वतःला सांगायची, आणि खरंच तसं वाटायलाही लागलं होतं.

मग संध्याकाळचा ताप यायला लागला. दिवसभर काही नाही, दिवेलागणीला अंग मोडून यायचं आणि रात्री घामानं चोळी भिजायची. पेठेतल्या डॉक्टरनं साथीचा ताप म्हणून गोळ्या दिल्या. ताप जायचा, परत यायचा. पाठीतून कळ उठायला लागली, बसलं की उठवेना. लगेच यायचं, असं डॉक्टर वर्षाराणींनी बजावलं होतं, पण कट्टा कसा बंद ठेवायचा? इतक्या दिवसांनी जमलेलं गिऱ्हाईक! होईल बरं, म्हणत तिनं ढकललं. एके दिवशी पाखरीखालून तिला उठताच येईना, तेव्हा तालमीतल्या दोन पोरांनी बगलेत हात घालून उठवलं आणि रिक्षात बसवलं.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, पाठीचे फोटो काढले. काही दिवसांनी बोलावलं तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता.

"बाई, एकच इचारते. न उकळलेलं दूध पीत हुतासा?"

संयोगिता खोटं बोलली असती. पण पाठ इतकी दुखत होती, की खोटं बोलायचं बळही उरलं नव्हतं.

"रोज येक गिलास."

तेजस्वीनं आईकडं मान वळवली. "आई? अगं रोज मी तुला उकळून देत हुतो की गं!"

"कट्ट्यावर पहिला मलाच प्यावा लागतोय, तेजू. न्हायतर कोण घेणार?"

तेजस्वीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि भिंतीकडं बघत राहिली. ते संयोगिताला ताप आणि पाठ दोन्हींपेक्षा जास्त लागलं.

"ब्रुसेला म्हणून जंतू हाय," डॉक्टर म्हणाल्या. "जनावराच्या दुधातनं येतोय. म्हस कधी गाभडली हुती? गाभ पडला हुता का?"

"मागल्या येताला. पण आता तर नीट व्याली की. तिला काय बी न्हाय."

"तिला दिसत न्हाय, पण दुधात असणार. जंतू तुमच्या मणक्यात जाऊन बसलाय."

"आवो पण समदा कट्टा पितोय! आबा पित्यात, तालमीची पोरं पित्यात. त्यांना कसं न्हाय?"

"त्यांच्यात बी कुणाला हुन गेलं असंल, कळलं नसंल. पण त्यांच्या अंगात निदान बोंब मारणारं कोणतरी हाय. तुमच्या अंगाचं तोंड आपण सुईनं बांधून ठेवलं हुतं." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता इंजेक्शन बंद. सांध्यांच्या गोळ्या पण बंद. जंतूचा उपचार लई दिवस चालंल, महिने जातील. तो पुरता गेल्याबिगर मला काय बी चालू करता येणार न्हाय. नंतर बी कुठलं द्यायचं, द्यायचं का न्हाय, आजच सांगता येत न्हाय."

"आन् हात?"

डॉक्टरांनी तिचा उजवा हात हातात घेऊन बघितला. "दुखणं कमी करायचं बघते. पण मधल्या काळात हाड जेवढं झिजंल, तेवढं परत येत न्हाय, बाई."

संयोगितानं दोन्ही हात वर करून बघितले. अजून ते चांगले होते. अजून मूठ मिटत होती. जिवंत माणसाला त्याच्याच तेराव्याचं आमंत्रण द्यावं तसं तिला झालं.

आणि हात गेले. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसेच गेले, उलट जास्तच घाईनं. ताप हटत चालला, पाठ हळूहळू सुधारायला लागली, आणि इकडं बोटं एकेक करून फिरली. मनगट अडकलं. उजव्या हाताची बोटं करंगळीकडं कलली ती कललीच. सकाळी ती अंथरुणात पडल्या पडल्या मूठ मिटायला बघायची. कृष्णात शेजारी जागा असायचा, पण त्यानं अंगठा पुढं केला नाही. रात्री तिला वाटायचं, ओरडावं. कुणावर, ते मात्र समजत नव्हतं. आबांवर? मेलेल्या सासऱ्यावर? की त्या पोरांवर, ज्यांना आपण हसून दाखवलं? एका ग्लासापायी! स्वतःच्या हातांनी धरून, स्वतःच्या तोंडाला लावून! सगळे विचार फिरून तिथंच यायचे.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाखरीचं रक्त तपासलं. दोष तिच्यातच निघाला. लांब बांधा, दूध विकू नका, हातमोजे घालून हात लावा, असं सांगून ते गेले. दोन दिवसांनी चंदगडकडचा एक व्यापारी दारात आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की बाईचे हात गेल्यात, म्हस विकायला निघणार. त्यानं पाखरीला फिरून बघितलं, कास दाबली, दात बघितले आणि खूश होऊन चहा प्यायला.

तो गेल्यावर कृष्णात म्हणाला, "दिऊन टाकूया. त्यो काय इचारतोय व्हय? आपुन काय बी बोलायचं न्हाय."

"आन् तिथं तिचं दूध कोण पिणार?"

"कोण का पिईना! तुला कट्ट्यावर कुणी सांगितलं हुतं का, पिऊ नगो म्हणून? आबा आडवं आलं का?"

"न्हाय आलं. म्हणून तर द्यायची न्हाय."

"मग काय मरस्तवर बांधून घालायची? कोण करणार तिचं? तू?" बोलून गेल्यावर कृष्णातला आपलंच बोलणं झोंबलं. तो अंगणात जाऊन बसला. संयोगिता मागनं गेली नाही. त्याचं खरं होतं, हे तिलाही कळत होतं.

व्यापाऱ्याला नाही म्हणून निरोप गेला. पण संयोगिताला चैन पडेना. पाखरी आपल्या दारात अडकवून ठेवली, पण कट्ट्यावर बाकीच्या म्हशी आहेतच की. त्यांचं रक्त कुणी बघितलंय? एका संध्याकाळी तिनं तेजस्वीकडून नीट साडी नेसून घेतली आणि एकटीच चालत कट्ट्यावर गेली.

तिच्या जागी सम्राट नावाचा तरणा गडी म्हैस पिळत होता. अंगानं दांडगा, बोलायला गोड. त्यानं पहिला ग्लास भरला, वर उचलून सगळ्यांना दाखवला आणि स्वतः प्यायला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आकाराम म्हाताऱ्याची रीत त्यानं आयती उचलली होती.

"रं बाबा, पिऊ नगो," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून तिनं परत, मोठ्यानं म्हटलं, "कुणीच असं पिऊ नगासा. घरी न्या, उकळा, मग प्या. माझ्या म्हशीच्या दुधात रोग निघालाय. मला त्योच लागलाय."

मग सम्राट म्हणाला, "वैनी, तुमच्या म्हशीत निघाला न्हवं? माझी काय चूक?"

"तुझ्या म्हशीचं रक्त तपासून घे, एवढंच म्हणतो मी."

"आवो वैनी," विजयसिंह आबा पुढं झाले. एरवी तिच्याशी मायेनं बोलणारा माणूस, पण आज त्यांचा सूर बदललेला होता. "सत्तर वर्सं पितोय मी हे दूध. माझ्या बानं पाजलं. तुमचा धंदा बुडाला, वाईट वाटतंय मला. पण म्हणून दुसऱ्याचा बुडवाय येऊ नगासा."

"आबा, मी धंद्यासाठी न्हाय आलो..."

"आन रं सम्राट." आबांनी ग्लास घेतला आणि तिच्याकडं बघत बघत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग मिशीवरचा फेस पुसला. कुणीतरी हसलं. म्हशीखाली पुन्हा धारा वाजायला लागल्या, पोरांच्या मॅचच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या, आणि संयोगिता त्यांच्यामधे नसल्यासारखीच झाली.

तिला उभं राहवेना. ती कट्ट्याच्या टोकाला जाऊन टेकली. इतकं खरं बोलूनही आपलं कुणी ऐकलं नाही, ह्याचं तिला आता नवलही वाटलं नाही. ह्या लोकांच्यात आपण असतो, आणि दुसरी कुणी बाई असं सांगायला आली असती, तर आपणही ऐकलं नसतं. हसलो असतो. तिला घरी जायचं होतं, पण उठायला हाताचा आधार लागतो, आणि हात टेकवला की मनगटातून आग निघायची. म्हणून ती तशीच बसून राहिली. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले. बाहेर पडताना आताशा ती तसंच करायची, माणसं बघतात म्हणून.

एक तरुण बाई दुधाचा ग्लास घेऊन शेजारी येऊन बसली. कडेवर पोरगं होतं, वर्षा-दीड वर्षाचं, आणि दंडाला बारकी स्टीलची किटली अडकवलेली. पेठेत नवीन दिसत होती. तिनं ग्लास पोराच्या तोंडाशी नेला.

"नगो गं," संयोगिता म्हणाली. "उकळून दे."

"ताजं हाय की मावशी. समोर काढलंय." ती बाई हसली. "मघाशी आयकलं मी तुमचं. पण समदीच तर पित्यात."

डॉक्टरांचं ते निरोपांचं, टीएनएफचं, चोराचं सगळं संयोगिताला पाठ होतं, पण ते सांगायचं कसं आणि कोण ऐकणार? पोरानं ग्लासाकडं झेप घेतली. तशी ग्लास अडवायला संयोगिताचा हात पदराबाहेर आला.

ती बाई थबकली. तिनं तो हात बघितला. सुजलेली पेरं, एका बाजूला कललेली बोटं, पुढं वळून बसलेलं मनगट. मग दुसरा हात बघितला.

"अगो बया," ती हळूच म्हणाली. "ह्या दुधानं असं झालं, मावशी?"

नव्हतं झालं. दुधानं पाठ गेली होती, ताप आला होता. हात वाकडे झाले होते ते तिच्याच अंगातल्या बोंबेनं, आणि त्यांना सावरणारी सुई तेवढी दुधानं तोडली होती. हे सगळं समजावून सांगायला गेलं तर पोरानं तोवर ग्लास संपवला असता.

"व्हय," संयोगिता म्हणाली.

त्या बाईनं ग्लासातलं दूध किटलीत ओतलं आणि वर घट्ट झाकण लावलं. पोरगं रडायला लागलं, तरी तिनं त्याला खांद्यावर टाकलं आणि ती घराकडं चालू लागली. जाता जाता तिनं वळून एकदा संयोगिताच्या हातांकडं बघितलं.

समोर आणखी दोन बायका पोरांना घेऊन सम्राटच्या म्हशीपुढं उभ्या राहिल्या होत्या. संयोगितानं हात पदराखाली नेले नाहीत. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसतील असे, तिनं ते मांडीवर पसरून ठेवले.